वगळलेल्या सहाशे अठरा ओळी

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी ती एका जागी पाच मिनिटं बसत नसे, म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव खरं तर घरापुरतंच राहायचं. पण विद्यापीठातल्या पहिल्याच आठवड्यात ती डबा विसरली, बाबा तो घेऊन थेट संख्याशास्त्र विभागाच्या दारात उभे राहिले आणि भर तासात विचारते झाले, "आमची भिंगरी इथंच बसते का?" त्या दिवसापासून खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

बाबा बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. वितळलेल्या काचेसमोर उभं राहून त्यांच्या हाताचे केस कधीचेच गेले होते. आई घरी शिलाई मशीन चालवायची. दोघांच्या घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, त्यामुळे मुलगी नेमकं काय शिकते हे सांगताना दोघांचीही तारांबळ उडायची. आई शेजारणींना सांगायची, विम्याचं शिकते. मग शेजारणी आपापल्या पॉलिसीचे कागद घेऊन यायच्या. बाबांचं उत्तर याहून सोपं होतं: माणसं कधी मरतात ते शिकते. भिंगरी दरवेळी चिडून दुरुस्ती करायची की कधी नाही, किती. एका माणसाबद्दल आम्हाला काही म्हणजे काही सांगता येत नाही. हजार माणसं द्या, मग सांगते.

"मग आमच्या घरात तुझा काय उपयोग?" बाबा म्हणायचे. "आपण तिघंच."

तिच्या अस्वस्थपणाचं विभागात मात्र कौतुक होतं. गणित अडलं की ती उठून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायची. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला पाण्याचं पिंप. तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम केबिनचं दार उघडं ठेवायच्या आणि ती तिसऱ्यांदा दारावरून गेली की आतून विचारायच्या, कुठवर आलीस? बहुतेकदा पाचव्या-सहाव्या फेरीला उत्तर सापडलेलं असायचं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय आला तेव्हा तिनं बाबांच्याच कारखान्याचा मागून घेतला. कारखान्याच्या पेन्शन फंडाला आपल्या कामगारांचं मृत्युकोष्टक हवं होतं, म्हणजे कोणत्या वयाला हजारातली किती माणसं जातात याचा तक्ता. फंडानं विभागाला दोन हजार तीनशे चाळीस माणसांची यादी दिली. नावं काढलेली, फक्त क्रमांक, खातं, जन्मतारीख, कामावर लागल्याची तारीख, आणि माणूस गेला असेल तर ती तारीख.

कच्ची यादी बघून ती गांगरली होती. मदतीला आला पट्टी. पट्टी तिचा वर्गमित्र. कसलेही ठिपके दिसले की त्यांतून सरळ रेघ मारून मोकळा व्हायचा, म्हणून पट्टी. सुट्टीत एका विमा कंपनीत काम करून आल्यानं त्याला माहितीची साफसफाई कशी करतात ते ठाऊक होतं. त्यानं सांगितलं, जी तारीख अपेक्षेपेक्षा दहापट जास्त वेळा येते ती खरी नसतेच. माहिती भरणाऱ्यानं रकाना मोकळा सोडला की कॉम्प्युटर आपल्या मनानं एक तारीख ठोकून देतो. तशा ओळी सरळ काढून टाकायच्या. धंद्यात सगळे तेच करतात. भिंगरीनं प्रोग्रॅममध्ये तशी एक ओळ लिहिली. प्रोग्रॅम चालला, पडद्यावर आलं की सहाशे अठरा नोंदी वगळल्या. कोणती तारीख होती हे तिनं विचारलं नाही आणि प्रोग्रॅमनं आपणहून सांगितलं नाही. शेवटच्या परिशिष्टात बारीक अक्षरात तिनं प्रामाणिकपणे लिहिलं: अविश्वसनीय जन्मतारखांच्या नोंदी वगळल्या आहेत.

उरलेल्या माहितीवर कोष्टक सुरेख बसलं. वयाबरोबर चढत जाणारा वक्र असा देखणा आला की मॅडमनी तो इतर विद्यार्थ्यांना दाखवला. भट्टी असो, पॅकिंग असो की गोदाम, अठ्ठावन्नाव्या वर्षी जिवंत असलेल्या शंभरातले नव्वद पासष्टपर्यंत पोचतात असं त्यातून निघालं. खात्याखात्यात फरक नाही. फंडाच्या कमिटीला हेच वाक्य सर्वांत आवडलं. भट्टीवाल्यांना अठ्ठावन्नला सोडायचं आणि बाकीच्यांना साठला, असा जुना नियम होता. फरक नसेल तर भट्टीलाही साठ करून टाकू, असं कमिटीत ठरत आलं. शुक्रवारच्या बैठकीत तेवढी सही व्हायची राहिली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंगरीची तोंडी परीक्षा होती, आणि महिनाअखेर पदवीचा दाखला दाखवला की पट्टीच्याच त्या विमा कंपनीत तिची जागा पक्की होती. तिथं दोनच जागा होत्या; एक पट्टीची, एक तिची.

सगळं जमून आलं होतं, आणि तिचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. प्रबंध बांधून आला तरी ती तो उघडून बघत होती. कुठं काही खटकतंय का, असं आईनं विचारलं तर सांगताही येईना. आईला वाटलं, परीक्षेची भीती. बाबांना वाटलं, नोकरीची. तिला स्वतःला एवढंच कळत होतं की तो वक्र फारच शहाण्यासारखा वागतोय.

सोमवारी बाबांना कामावरून घरी यायला उशीर झाला. भट्टीवरचे एक निवृत्त सहकारी वारले होते, त्यांच्या घरी जाऊन आले. चपला काढता काढता ते आईला सांगत होते आणि आई म्हणाली, "यंदाचे हे पाचवे ना तुमच्या भट्टीचे?"

भिंगरीनं हातातलं ताट खाली ठेवलं. भट्टीवरून निवृत्त झालेले आज हयात किती, असं तिनं विचारलं. बाबांनी अंदाज केला, दीडशेच्या वर असतील, पावणेदोनशेच्या आत. वर्षाचे चार महिने झाले होते. तिच्या कोष्टकाप्रमाणे तेवढ्यांत चार महिन्यांत एखादाच जायला हवा होता, खरं तर तोही पूर्ण एक नाही. एकाच्या जागी पाच, हे केवळ योगायोगानं घडण्याची शक्यता तिनं मनातल्या मनात काढली. हजारात एखाद्या वेळी. ती उठून दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या मारायला लागली. बाबा हसून म्हणाले, सुरू झाली बघ. पण तिला हसू आलं नाही.

मंगळवारी सकाळी विभागाचं दार उघडणाऱ्या शिपायाच्या मागोमागच ती आत शिरली. जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तिनं आता केलं: खातेवार माणसं मोजली. तिच्या कोष्टकात भट्टीची एकाहत्तर माणसं होती. एकाहत्तर. भट्टीवर तीन पाळ्या चालतात, एकेका पाळीला शंभराच्या आसपास माणसं लागतात हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं. मग तिनं वगळलेल्या ओळी उघडल्या. सहाशे अठरांपैकी पाचशे ब्याण्णव भट्टीचे. सगळ्यांची जन्मतारीख एकच, एक जुलै. वर्षं वेगवेगळी.

एक जुलै. ही तारीख तिनं बँकेच्या, दवाखान्याच्या, स्वतःच्या कॉलेजच्या अर्जांवर स्वतःच्या अक्षरात पन्नासदा तरी लिहिली असेल. वडिलांची जन्मतारीख. यादीत नावं नव्हती, पण बाबा कामावर लागले ती तारीख तिला पाठ होती, कारण त्याच तारखेला आईच्या घरच्यांनी होकार दिला अशी गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती. ती तारीख शोधायला तिला मिनिटही लागलं नाही. तिच्या चौदा ओळी निघाल्या, आणि त्यांत बाबांच्या जन्मवर्षाची एकच. क्रमांक होता, खातं भट्टी, मृत्यूचा रकाना रिकामा. बाबांना तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं.

पण एवढ्यावर काही सिद्ध होत नव्हतं. तारीख खोटी असेल तर वयही खोटं, आणि वय खोटं असेल तर ओळी काढल्या हे बरोबरच. ही तारीख कुणी लिहिली आणि का, हे कळल्याशिवाय घोडं पुढं सरकणार नव्हतं. ती उठली आणि कारखान्याच्या फंड कचेरीत गेली.

तिथले हेडक्लार्क निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. टेबलावर कागदांचे गठ्ठे, पण कोणता कागद कुठं आहे हे न बघता सांगणारे. भिंगरीनं त्यांना विचारलं, काका, जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवताना जिथं जन्मतारीख नव्हती तिथं मशीननं एक जुलै टाकली का?

काकांना हा प्रश्न अपमानासारखा लागला.

"मशीन कशाला टाकेल? मी टाकली," ते म्हणाले. "या हातानं."

मग त्यांनी सांगितलं. भट्टीवर येणारी माणसं बहुतेक शाळेत न गेलेली. जन्माचा कागद कुणाकडेच नाही. कामावर घ्यायच्या दिवशी कारखान्याचे डॉक्टर एकेकाला समोर उभं करायचे, दात बघायचे, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि जन्माचं वर्ष सांगायचे. वर्ष डॉक्टरांचं, दिवस आणि महिना मात्र रजिस्टरमध्ये काकांनी भरायचा. आधीचे क्लार्क सरसकट एक जानेवारी ठोकत. काकांना ते पटलं नाही; त्यांनी त्या जुन्या नोंदीही बदलून घेतल्या.

"एक जानेवारी लिहिलं की प्रत्येक माणूस कागदावर उगाच म्हातारा होतो. डिसेंबरातला जन्म असला तर जवळजवळ वर्षानं. मी म्हटलं, मध्यावर लिहू. मग चूक झालीच तर इकडं सहा महिने नाहीतर तिकडं सहा महिने, आणि सगळ्यांची मिळून बेरीज मारली तर काहीच नाही. बरोबर का नाही?"

भिंगरी त्यांच्याकडं बघत राहिली. वर्षच माहीत असेल तर जन्म वर्षाच्या मध्यावर धरायचा, ही गोष्ट तिच्या पहिल्या सत्राच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण अडवून बसली होती. हा माणूस ती न शिकता तीस वर्षं वापरत होता. आणि त्याच्या या शहाणपणालाच तिनं मशीनची चूक म्हणून केराची टोपली दाखवली होती.

"बरोबर आहे काका," ती म्हणाली. "चूक माझी झाली."

परत आल्यावर तिनं ती एक ओळ खोडली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. दुपारभर ती पडद्यासमोर बसण्यापेक्षा कॉरिडॉरमध्येच जास्त होती. वक्राला आता साठीच्या आसपास स्पष्ट उंचवटा आला होता. इतर खात्यांत शंभरातले नव्वद पासष्टपर्यंत पोचत होते ते तसेच राहिले. भट्टीचे मात्र शंभरातले सत्तरच. शाळेत गेलेल्यांची जन्मतारीख खरी, ते गेले पॅकिंगला आणि गोदामाला. न गेलेले भट्टीवर, त्यांची तारीख एक जुलै. तारीख बघून ओळी काढताना तिनं जवळजवळ आख्खी भट्टीच काढली होती, आणि उरलेल्यांवरून भट्टीबद्दल निकाल दिला होता.

पट्टीला तिनं दाखवलं. त्यानं आकडे दोनदा तपासले, मान डोलावली, आणि मग हळूच म्हणाला की परिशिष्टात आपण लिहिलेलंच आहे की, तांत्रिकदृष्ट्या आपण खोटं बोललेलो नाही. परीक्षा होऊ दे, पदवी मिळू दे, मग दुरुस्ती पाठव.

"आणि शुक्रवारी सही होईल त्याचं काय?"

पट्टीनं पडद्यावरचे आकडे तिसऱ्यांदा तपासले. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त तिच्या जागेची काळजी वाटत होती, आणि ते तिलाही कळत होतं.

मॅडमनी बुधवारी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्यामुळं भिंगरीला जास्तच कसंतरी झालं. बांधलेला प्रबंध उघडून त्यांनी परिशिष्टातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. ही ओळ मीही वाचली होती, त्या म्हणाल्या, आणि किती नोंदी, कुणाच्या, हे मी विचारलं नाही. खाली सही माझीही आहे. मग त्यांनी नियम सांगितला. बांधून दिलेला प्रबंध मागं घेतला तर परीक्षा पुढच्या सत्रात, म्हणजे सहा महिन्यांनी. कंपनी थांबेल असं त्यांना वाटत नव्हतं. मागं घ्यायचा की नाही हे विद्यार्थ्यानंच लेखी द्यायचं असतं.

"मी तुझ्यावतीनं लिहिणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण शुक्रवारी कमिटीत गेलीस तर सोबत येईन."

घरी सांगणं याहून अवघड होतं. येत्या एक जुलैला बाबा कागदावर अठ्ठावन्नचे होत होते. नियम बदलणार म्हटल्यावर ते गेले दोन महिने खुशीत होते. घरी बसून काय करू, भिंतीशी बोलू का, असं ते येताजाता म्हणायचे. कमिटीत ती उभी राहिली तर पहिली दोन वर्षं जाणार होती ती त्यांचीच, तिच्याच तोंडून.

संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. आईनं मशीन थांबवलं. बाबांनी पहिलं विचारलं ते पदवीचं. सहा महिने पुढं म्हटल्यावर त्यांचा पारा चढला. एका तारखेपायी? नोकरीही? आणि माझीही दोन वर्षं? त्या कोष्टकानं तुझं काय वाकडं केलंय? एवढी शिकलीस ती आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला? भिंगरी खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"एका जागी उभी राहा आधी," बाबा म्हणाले. "आणि मला सांग, तुझं नवं कोष्टक काय म्हणतंय."

तिनं नेहमीसारखं सुरू केलं की एका माणसाबद्दल काही सांगता येत नाही. बाबांनी हात वर करून थांबवलं. एकाचं नको, म्हणाले. मी लागलो त्या दिवशी आम्ही चौदा जण लागलो. डॉक्टरांनी रांगेत उभं करून सगळ्यांचे दात बघितले. चौदा जणांचं सांग.

त्या तारखेच्या चौदा ओळी तिनं मंगळवारीच पाहिल्या होत्या. तरी तिनं कागद घेतला, एकेकाचं लागतानाचं वय मांडलं, नव्या कोष्टकातून एकेक आकडा उचलला आणि बेरीज केली. यादीतल्या मृत्यूच्या रकान्याकडं तिनं मुद्दाम बघितलं नाही. बाबा तोवर बोटांवर काहीतरी मोजत होते. ओठ हलत होते. एकेक नाव, त्याचा चेहरा, आणि पुढचं बोट.

"आज आठ जण असायला हवेत," ती म्हणाली. "जुनं कोष्टक बारा म्हणत होतं."

बाबांनी बोटं मिटली. आईनं त्यांच्याकडं पाहिलं.

"सात आहेत," ते म्हणाले. "मला धरून."

मग त्यांनी बांधलेला प्रबंध हातात घेतला, तो उलटाच धरलाय हे लक्षात न येता थोडा वेळ चाळला, आणि परत दिला. "हे बारावालं त्यांच्याकडं राहू देऊ नकोस," एवढंच म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

शुक्रवारची बैठक फंड कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, एका बाजूला अध्यक्ष आणि व्यवस्थापनाचे दोघे, दुसऱ्या बाजूला कामगारांचे दोन प्रतिनिधी, कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला हेडक्लार्क काका. भिंगरीला बसायला खुर्ची दिली होती; ती उभीच राहिली. मॅडम तिच्या मागच्या खुर्चीवर होत्या. तयार केलेलं भाषण ती सुरुवातीलाच विसरली, म्हणून तिनं सरळ सांगितलं की मी दिलेलं कोष्टक चुकीचं आहे, त्यावरून काही ठरवू नका.

अध्यक्षांनी चष्मा काढला. हे विद्यापीठाच्या सहीचं कागदपत्र आहे, ते म्हणाले, यात चुकीचं काय निघालं? तिनं एक जुलैची गोष्ट सांगितली. व्यवस्थापनातल्या एकानं विचारलं की ज्यांची जन्मतारीखच अंदाजानं लिहिलेली आहे त्यांच्यावर इतका विश्वास कशाला? प्रश्न चांगला होता. तिनं मध्यावर धरण्याची पद्धत समजावली, चूक फार तर सहा महिन्यांची आणि दोन्ही बाजूंना सारखी हे सांगितलं, आणि ही पद्धत या कचेरीत तीस वर्षांपूर्वी कुणी सुरू केली तेही सांगितलं. कोपऱ्यातली लेखणी क्षणभर थांबली.

"किती माणसं गाळली होतीस?" अध्यक्षांनी विचारलं.

"सहाशे अठरा."

"त्यातली गेलेली किती?"

"दोनशे अकरा."

कामगारांच्या प्रतिनिधींपैकी वयस्कर माणूस टेबलाकडं बघत होता. तो वर न बघता म्हणाला की हे आम्ही सांगत होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, आकडे आणा.

त्यावर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. व्यवस्थापनातल्या दुसऱ्यानं आवाजही चढवला. अखेर अध्यक्षांनी ठरावाचा कागद बाजूला सारला. नवं कोष्टक, भट्टीचं वेगळं काढून, विद्यापीठाकडून येईपर्यंत भट्टीचं वय अठ्ठावन्नच राहील, असं त्यांनी काकांना लिहून घ्यायला सांगितलं. मग भिंगरीकडं वळून विचारलं, किती दिवस लागतील? सहा महिने, ती म्हणाली. प्रबंध मागं घेत असल्याचा अर्ज तिच्या पिशवीत होता. तिथंच मॅडमनी त्यावर सही केली. विमा कंपनीनं पुढच्या आठवड्यात तिच्या जागी पट्टीच्या ओळखीचा एक मुलगा घेतला. पट्टीनं फोन करून सांगितलं आणि वर, सॉरी, असं तीनदा म्हणाला.

पण ते पुढचं. त्या शुक्रवारी बैठक संपल्यावर मॅडम खाली रिक्षा थांबवून वाट बघत होत्या आणि भिंगरी अजून वरच होती. काका रजिस्टर कपाटात ठेवत होते आणि ती त्यांच्या पाठीमागं उभी. तिच्या डोक्यात नवाच किडा वळवळत होता.

"काका, दिवस-महिना तुम्ही मध्यावर धरलात. पण वर्ष? डॉक्टर दात बघून वर्ष सांगायचे ते कितपत बरोबर असायचं? तरणा दिसला तर कमी लावत असतील ना? म्हणजे बाबा कदाचित आत्ताच साठचे असतील."

काकांनी कपाटाचं दार अर्धवट उघडं ठेवलं.

"आता डॉक्टरांनाही तपासणार का?"

"ज्यांचे खरे कागद नंतर सापडले, असे कुणी आहेत का? वीसेक मिळाले तरी अंदाज काढता येईल."

काकांनी कपाटाचं दार पूर्ण उघडलं. मग वरच्या फळीकडं बोट दाखवून म्हणाले की दुरुस्तीच्या अर्जांचा गठ्ठा तिथं आहे, पण धूळ फार आहे. भिंगरीनं खिडकीतून वाकून मॅडमना खूण केली की तुम्ही व्हा पुढं, आणि स्टूल ओढलं.